आतल्या बाजूचे दाते

१

रोज सकाळी गवंडी यायच्या आधी मी घराभोवती एक फेरी मारायचे. आदल्या दिवशीच्या काँक्रीटवर पाणी मारायचं, सळ्यांवरचं प्लास्टिक उडालंय का पाहायचं, आणि मग मागच्या खोलीत बाबांना चहा द्यायचा. बाबा डोळे न उघडता विचारायचे, “इंजिनेरबाई, पडलं का घर?” मी म्हणायचे, अजून नाही. “मग चहा दे.” मी इंजिनिअर नाही, आर्किटेक्ट आहे, हे सांगायचं मी पहिल्याच आठवड्यात सोडून दिलं होतं.

आमचं घर विटांचं. एका माणसानं एका दमात बांधलेलं नाही. पणजोबांनी पुढची खोली बांधली, आजोबांनी तिच्यामागे स्वयंपाकघर आणि मागची खोली जोडली. घरात एक रीत होती. बांधून झालं की मागच्या भिंतीतून एकाआड एक वीट अर्धी बाहेर काढून ठेवायची, दोन उभ्या रांगांत. गवंडी त्यांना दाते म्हणतात. पुढे भिंत वाढवायची झाली तर नव्या विटा त्या दात्यांत बसतात आणि सांधा कुठे आहे ते कळतही नाही. प्रत्येक पिढीनं पुढच्या पिढीसाठी दाते सोडायचे. आजोबांनी सोडलेले दाते बाबांनी कधी वापरले नाहीत. आईनं वापरले. ती त्यांच्यावर पायपुसणी वाळत घालायची.

आई गेल्यावर बाबा मागच्या खोलीतच राहू लागले. पलंगाची डोक्याकडची बाजू त्याच दात्यांच्या भिंतीला. गुडघे गेलेले, वॉकर घेऊन चालायचे. खोलीत भरदुपारी दिवा लावावा लागे, आणि संडासाला जायचं तर दोन पायऱ्या. दादा म्हणाला, एक तर बाबा माझ्याकडे लिफ्टच्या इमारतीत येतील, नाहीतर तुझं ते काय शिक्षण आहे ते वापरून दाखव. पावसाच्या आत. बाबांनी मला जवळ बोलावून एकच गोष्ट मागितली. “मी इथून जाणार नाही. तेवढा शब्द दे.”

मी दिला.

२

नव्या खोलीचं चित्र मी परदेशातूनच डोक्यात घेऊन आले होते. लोखंड, काच, गिलावा न केलेलं काँक्रीट. सपाट जमीन, वॉकर सहज जाईल असं रुंद दार, दिवसभर ऊन. आणि मुख्य म्हणजे ती खोली जुन्या घराला टेकणार नव्हती. दोघांच्या मधे वीतभर फट, फटीवर काच, तिच्यातून उतरणारा उजेड जुन्या विटांवरून घसरत खाली येईल. नव्यानं जुन्याची नक्कल करू नये, त्याच्या अंगावर रेलू नये, शेजारी ताठ उभं राहावं. हे मी शिकले होते, आणि शिकलेलं सगळं माणूस विसरतो तसं हे मी विसरणार नव्हते.

“ताठ उभं राहायला हा काय लग्नाचा फोटो आहे, ताई?” गवंडी म्हणाला. पोट सुटलेला, तोंडाळ माणूस. पण हात सरळ होता आणि सांगितलेलं करायचा.

त्या फटीत दाते आडवे येत होते. मी ते भिंतीच्या रेषेत कापायला सांगितले. ग्राइंडर सुरू झाला तशी बाबांनी आतून काठीनं भिंत ठोकली. आवाजाचा त्रास होतोय असं समजून मी काम थांबवलं, त्यांना पुढच्या खोलीत नेऊन बसवलं, आणि मग राहिलेले दाते कापून घेतले. लाल धुरळा दिवसभर सगळ्यांच्या भुवयांवर होता.

दुपारी त्यांनी विचारलं, “दाते काढलेस?”

मी हो म्हटलं.

“मग आता घर वाढणार कुठे?”

मी त्यांना मागच्या दाराशी नेऊन नव्या खोलीचा लोखंडी सांगाडा दाखवला. वाढलंच की, म्हटलं. बाबांनी बराच वेळ पाहिलं. नंतर कोणाची समजूत घालावी तसं म्हणाले, “ती शेजारीण झाली गं.”

३

पहिल्यांदा मागच्या खोलीत, आतल्या गिलाव्याला फुगवटे आले. पलंगाच्या दोन्ही अंगांना, जमिनीपासून छतापर्यंत, एकाआड एक. नखानं दाबलं की पापुद्रा खाली यायचा. मला ते ओलीचं वाटलं. गवंड्यानं टकटक करून पाहिलं आणि म्हणाला, ग्राइंडरनं हादरलंय, सगळा गिलावा सैल झालाय, खरवडून काढू.

बाबा अंघोळीला गेले असताना त्यातला एक फुगवटा त्यांच्या उशीवर पडला. मागे वीट होती. अर्धी वीट, भिंतीतून खोलीत आलेली.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. बाहेरून धक्के बसले तर वीट आत सरकू शकते. मात्र वीट आत सरकली तर बाहेर तेवढीच खाच पडायला हवी. मी मागे गेले, फटीत आडवं अंग घातलं आणि तीच वीट शोधून काढली. कापलेली बाजू गुळगुळीत होती आणि भिंतीच्या रेषेत होती. मी तळहात फिरवून पाहिला. खाच नव्हती.

मग मी आत आले. वीट आतही होती.

मी असा विचार केला की भिंतीत दोन विटा असणार, एक बाहेरची, एक आतली. आजोबांनी त्या काळी दोन्हीकडून दाते सोडले असतील आणि आतले गिलाव्यात झाकले असतील. एवढ्या जाड गिलाव्याची भिंत मी कुठेच पाहिलेली नव्हती, पण जुन्या माणसांचं काही सांगता येत नाही. हे मी गवंड्याला सांगितलं. तो म्हणाला, असेल. त्याला जेवायला जायचं होतं.

संध्याकाळपर्यंत बाकीचा गिलावाही गळला. पलंगाच्या डावीकडे एक रांग, उजवीकडे एक. बाहेरचे कापले होते त्याच जागी, त्याच उंचीवर.

४

काही दिवसांनी सगळ्यात खालच्या दात्यात एक वीट बसवलेली दिसली.

व्यवस्थित बसवलेली, खाली वर चुना भरून. मी किल्लीनं चुना खरवडला. निघाला नाही. तो ओला असता तर मी कोणावर तरी ओरडले असते. तो जुना होता, पिवळट पडलेला, आणि वीट आणि जमीन यांच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं होतं. जाळ्यावर धूळ होती.

तरीही मी ओरडले. गवंडी शांतपणे म्हणाला, “न सांगता काम करणारा माझ्याकडे एकही नाही. सांगून करणारेच कमी आहेत.” माझ्याकडे तिरकं पाहत त्यानं विचारलं की बाबांना काही छंद वगैरे होता का. बाबांना पेलाभर पाणी उचलताना दोन हात लागायचे.

मी खोलीला कुलूप घालू लागले. बाबा आत असले तर मी आत. एका दुपारी ठरवून खुर्ची टाकून बसले. मांडीवर नकाशा होता, पण डोळे विटांवर. बाबा पलीकडे तोंड करून घोरत होते. बाहेर लोखंड कापल्याचा आवाज, कोणाच्या तरी रेडिओचा आवाज. डावीकडच्या विटा माझ्यासमोर होत्या आणि जागच्या जागी होत्या. दुपार सरली. मला स्वतःचं हसू आलं. दूरदेशी जाऊन, एवढ्या मोठ्या शाळेत शिकून मी आता विटा राखत बसले होते, चिंचोके राखावेत तशा.

उठून आळस दिला तेव्हा पलंगाच्या पलीकडची बाजू दिसली. बाबांच्या अंगाआड जी झाकली होती ती. तिथे भिंत गुडघ्याएवढी झाली होती आणि पलंगाच्या कडेनं हातभर पुढे आली होती.

बाबांचं घोरणं थांबलेलं होतं. कधी थांबलं ते मला सांगता येणार नाही.

५

आम्ही ती भिंत पाडली. बाबांना बाहेर बसवून, पलंग हलवून, घणानं. जुन्या घराची भिंत फुटते तशी फुटली, मोठे तुकडे, कोरडा आवाज. तुकडे अंगणात टाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा होती, आदल्या दिवशीपेक्षा थोडी लांब. पुन्हा पाडली. पलंग दुसऱ्या भिंतीकडे ठेवला तर बाबा स्वतः वॉकर टेकत येऊन जुन्या जागी जमिनीवर बसायचे. तेव्हा पलंग परत आणला.

पाडण्याबद्दल गवंड्याची तक्रार नव्हती. त्याची तक्रार अंगणातल्या ढिगाऱ्याबद्दल होती. “ताई, हिशेब बसत नाही. एवढी वीट या खोलीत नाही, अख्ख्या घरात नाही. आम्ही ही कुठून काढतोय?” नंतर त्यानं नव्या खोलीची काच बसवून दिली, हात धुतले, आणि दुसरीकडे स्लॅब आहे असं सांगून गेला. जाताना तो विनोद करायला विसरला. त्यामुळे मला पहिल्यांदा भीती वाटली.

नवी खोली तयार झाली होती. खरं सांगते, ती सुंदर होती. फटीतून ऊन उतरायचं आणि जुन्या विटा आतून पेटल्यासारख्या दिसायच्या. मी बाबांना तिथे नेलं. ते नव्या पलंगावर बसले, गादी दाबून पाहिली, काचेतून झाड पाहिलं. दवाखान्यासारखं स्वच्छ आहे, म्हणाले, आणि त्यांच्या परीनं ती स्तुती होती.

“मग राहा ना इथे.”

“इथे कोणी येणार कसं?”

मी विचारलं, कोण यायचंय? दादा येईल, वहिनी येईल, मी तर इथेच आहे. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी मी चुकीचं उत्तर पाठ करून आले की असंच पाहायचे. मग त्यांनी वॉकर पुढे केला आणि परत जायला निघाले. मी अडवलं नाही. त्यांना घरातून हलवणार नाही असा शब्द दिला होता, आणि आता घर कुठे संपतं हे मला नक्की सांगता येत नव्हतं.

६

दादा ठरल्यापेक्षा लवकर आला. तोवर पलंगाच्या दोन्ही बाजूंना उठलेल्या भिंती डोक्याच्या वर गेल्या होत्या आणि पलंगाच्या पायथ्याशी वळून एकमेकींकडे आल्या होत्या. माणूस आडवा होऊन जाईल एवढी वाट मधे होती. मी तिच्यातून चहा नेत होते, ताट नेत होते.

दादा मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. त्यानं त्या विटांवर हात ठेवला.

“हे छान केलंयस,” तो म्हणाला. “म्हणजे, मॉडर्नच ना? खोलीत खोली.”

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात. आमच्या घराला वासे नव्हतेच, पण त्या क्षणी मला दादाच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. मी त्याला सांगितलं. जमेल तेवढं, जमेल त्या क्रमानं. त्यानं ऐकून घेतलं. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दलची काळजी स्पष्ट दिसत होती, आणि ती विटांबद्दल अजिबात नव्हती. “छोटे, तू थकलीयस,” तो म्हणाला. “मी आजच नेतो त्यांना. तू चार दिवस झोप काढ.”

मी विरोध केला नाही. बाबाच करतील, अशी माझी खात्री होती. दादा त्या अरुंद वाटेपाशी गेला, आत हात घातला आणि म्हणाला, बाबा, चला, गाडी आणलीय. मला बाबांचा चेहरा पाहायचा होता. नाही म्हणतानाचा. वाट दादानं अडवली होती. म्हणून मी डावीकडच्या भिंतीला वळसा घालून मागे गेले. तिथे नवी भिंत जुन्या भिंतीला मिळत होती आणि एका सांध्यात चुना भरायचा राहिला होता. मी डोळा लावला.

बाबा पलंगाच्या कडेवर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. त्यांच्यापुढे उजवीकडची भिंत असायला हवी होती, हात लांबवला की लागेल एवढ्या अंतरावर. तिथे भिंत नव्हती. तिथे दिवसाउजेडाची एक खोली होती, आणि तिच्या पलीकडच्या चौकटीतून पुढची. उंबऱ्याशी कोणीतरी वाकलं होतं. मला फक्त हात दिसला, कोपरापर्यंत चुन्यानं पांढरा. त्या हातानं बाबांच्या मांडीवर एक वीट ठेवली. तान्हं मूल देतात तशी, खालून आधार धरून. बाबांनी ती एका हातानं सावरली.

आणि माझ्या मागून दादाचा आवाज आला, “हं, हळू. पाय उचला. हां, आलात.” बाबांचा आवाज आला, “अरे, येतोय. ढकलू नकोस.” वॉकर फरशीवर टेकल्याचा आवाज. एकदा, आणखी एकदा.

माझ्या डोळ्यासमोर बाबा बसलेले होते. ते हलले नव्हते.

मी मान वळवली. दादा बाबांना धरून दारातून बाहेर नेत होता. बाबांनी जाता जाता माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात कोरडा होता, ओळखीचा होता. मी पुन्हा सांध्याला डोळा लावला तेव्हा सांधा भरलेला होता.

गाडी गेल्यावर मी समोर आले. वाटही बुजली होती. मी घण घेतला. एक वीट काढली, मागे वीट. ती काढली, तिच्यामागे वीट. हात सोलवटले तोवर हेच.

७

दादाकडे बाबा छान आहेत. वहिनी सांगते की जेवतात, झोपतात, लिफ्टमधल्या लोकांशी बोलतात. मी जाते तेव्हा मला इंजिनेरबाई म्हणतात. माझ्या लहानपणच्या गोष्टी बरोबर सांगतात, आईच्याही. मी मुद्दाम आडवळणाचे प्रश्न विचारले. एकही चुकला नाही. बाबा बऱ्याच गोष्टी विसरले होते, याला सगळं आठवतं. एवढाच माझ्याकडे पुरावा, आणि तो घेऊन कोणाकडे जायचं?

दादाला मी एकदा स्पष्ट सांगितलं की बाबा आत आहेत. तो चिडला असता तर बरं झालं असतं. त्यानं बाल्कनीत खुर्चीवर बसलेल्या माणसाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि वहिनीला मला पडायला जागा करून द्यायला सांगितलं. मी तिथे पडून राहिले. बाल्कनीतून खोकल्याचा आवाज येत होता, हुबेहूब.

मी घरी राहते, नव्या खोलीत. माझ्या खोलीचे फोटो लोकांनी खूप वाखाणले. जुनं आणि नवं एकमेकांचा मान राखून उभे आहेत, असं एकानं लिहिलं. मागच्या खोलीतली भिंत आता छताला टेकलीय, खोलीतून चालायला कडेनं बोळ उरलाय. दुपारी मी तिथे कान लावून बसते. आत थापीचा आवाज येतो, विटेवर थापी आपटून वीट बसवतात तसा. घाई नसलेला. कधी मधे थांबतो, आणि पेल्याचा आवाज येतो. मी बाहेर चहा ठेवतेच. तो तसाच गार होतो. आवाज आला की मला बरं वाटतं. काम चाललंय म्हणजे माणूस आहे.

८

जुनं घर पाडायचं, असं दादानं ठरवलं. नवी खोली ठेवू, ती तुझी, तिथे बाग कर, ऑफिस कर. जुन्याला कोण सांभाळणार, आणि तू त्या विटांपाशी दिवस दिवस बसतेस ते मला पाहवत नाही. मी म्हटलं, बाबांना ते चालणार नाही. त्यांनी जन्मभर घर सोडलं नाही. त्यांना विचार.

“विचारू की,” दादा म्हणाला.

म्हणून एका सकाळी तो त्यांना घेऊन आला. पाडकामवाला त्याचं यंत्र फाटकाशी उभं करून आला होता आणि खोल्या पाहत होता. आम्ही सगळे मागच्या खोलीत दाटीनं उभे राहिलो. भिंतीआड थापी वाजत होती. मला स्वच्छ ऐकू येत होती. दादा पाडकामवाल्याला वायरिंग कुठून गेलंय ते दाखवत होता, आणि तो खिशातून तंबाखू काढत मान हलवत होता. त्या दोघांना काही ऐकू येत नव्हतं.

दादानं विचारलं, “बाबा, बोला. हिचा जीव अडकलाय. तुम्ही सांगाल ते.”

मी त्यांच्यापुढे उभी राहिले. म्हटलं, “तुम्ही माझ्याकडून शब्द घेतला होता.”

“आठवतंय गं,” ते म्हणाले. इतक्या मायेनं म्हणाले की माझे हात त्यांच्याकडे जाता जाता राहिले. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, भिंतीवर आणली, आणि पाडकामवाल्याला म्हणाले, “पाडा.”

भिंतीआडची थापी थांबली.

कोणी ऐकत असलं की होते तशी शांतता होती ती. दादा फाटकाकडे निघालाही होता. फक्त मी भिंतीकडे पाहत होते, आणि ते. त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी वॉकरवरची पकड बदलली, पाडकामवाल्याच्या कानाशी वाकले आणि आतपर्यंत जाणार नाही एवढ्या आवाजात म्हणाले,

“लवकर.”